सोमीबाईंची साक्ष

साक्षीदाराच्या तोंडी घातलेले खोटे पुढे कुठे जाते, ठाऊक आहे तुम्हाला?

ऐंशीच्या दशकात मी गडचिरोलीच्या कोर्टात लिपिक होतो. आमचे न्यायाधीश पूर्वी तिथेच सरकारी वकील होते. वकील असताना एका खुनाच्या खटल्यात त्यांनी धानोऱ्याकडच्या सोमीबाईंना एक वाक्य पढवले होते, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, कुऱ्हाड दसरूनेच घातली." बाईंनी काहीही पाहिले नव्हते. तरी दसरूला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच वारला.

पुढे एका बैलचोरीच्या खटल्यात त्याच सोमीबाई या न्यायाधीश साहेबांसमोर साक्षीला आल्या. ईश्वराची शपथ झाली. वकिलांनी विचारले, "बाई, बैल कोणी नेला?"

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, कुऱ्हाड दसरूनेच घातली."

ती भाषा त्यांची नव्हती. आवाजही त्यांचा नव्हता. तो हुबेहूब साहेबांचा होता.

"अवं बाई, मी बैलाचं विचारून राह्यलो!" वकील हसले.

"शपथ घेतली का हेच निंघते, भाऊ," सोमीबाई रडू लागल्या. "दुसरं बोलताच येत नाई मले. साहेबाले विचारा, त्यायनंच शिकवलं."

साहेबांना तेव्हा खरे सांगता आले असते. ते मला म्हणाले, "साक्षीदार वेडसर आहे, असे लिहा." मी लिहिले.

निवृत्तीच्या वर्षीच त्यांना पक्षाघात झाला. सारी वाचा गेली, एक वाक्य तेवढे उरले. मी भेटायला गेलो, तेव्हा ओठ कोरडे पडले होते. त्यांनी तांब्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "कुऱ्हाड दसरूनेच घातली."

मरेपर्यंत ते पाणी असेच मागत राहिले.