खात्रीचे ब्रेक

...आणि वर मलाच विचारतो, 'साहेब, माझ्यावर विश्वास नाही का?' आता तुम्हीच सांगा, विश्वास ठेवावा असा माणूस कधी असं विचारतो का? हा आमचा गॅरेजवाला. ब्रेक दाबला की जरा कुई कुई आवाज येत होता, एवढंच, तर या गृहस्थाने दुरूनच चाकाकडे बघितलं, गुडघा वाकवायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत, आणि म्हणाला, 'ब्रेक पॅड गेले.' गेले? कुठे गेले? गेल्या खेपेला मी वायपर बदलायला गेलो होतो, तर म्हणे इंजिन थकलंय. याच्या दारात धडधाकट गाडी म्हणून आजवर आलेलीच नाही. तुम्हाला सांगतो, मी संशयी नाही. मी फक्त खात्री करून घेतो.

त्यात घाई होती. सोमवारी मुलीची लायसन्सची परीक्षा. आधी एकदा नापास झालेली, दुसऱ्याच्या गाडीवर, आणि तेव्हा घरी येऊन दार लावून जी रडली होती ना, ते अजून माझ्या कानात आहे. म्हणून या वेळी आपलीच गाडी. हिचा क्लच कुठे धरतो, गिअर कुठे अडतो, सगळं तिच्या अंगवळणी पडलेलं. 'बाबा, फक्त ब्रेक तेवढे नीट करून द्या.' म्हटलं, माझी पोरगी बसणार त्या गाडीत, आणि ब्रेक त्या माणसाच्या हातात देऊ? मीच बदलतो पॅड, घरी, स्वतःच्या हाताने.

पार्टच्या दुकानात गेलो. 'ओरिजिनल आहेत ना?' 'शंभर टक्के, साहेब.' बघा, मी टक्के विचारले होते का? मग मी त्याला दुसरा डबा उघडायला लावला, मग तिसरा. तो म्हणाला, 'सगळे सारखेच आहेत हो.' मी म्हटलं, 'म्हणजे सगळेच डुप्लिकेट?' त्यावर तो पाणी प्यायला म्हणून आत गेला तो बाहेर आलाच नाही, बिल त्याच्या भावाने केलं.

शनिवारी कामाला लागलो. मोबाइलवर व्हिडिओ लावला, त्यातला माणूस हसत हसत सांगतो, 'अगदी सोपं आहे.' हात बघावेत तर स्वच्छ. ब्रेक उघडणाऱ्याचे हात स्वच्छ कसे, तुम्हीच विचार करा... तरी म्हटलं, बघू. चाकाचे नट काही केल्या सुटेनात, मी पान्यावर उभा राहिलो तेव्हा कुठे हलले, आणि मी ओळखलंच, दुसऱ्या कोणी उघडू नयेत म्हणून त्या गॅरेजवाल्याने आवळून ठेवलेत. जुने पॅड निघाले ते कागदासारखे. आता पॅड खरंच गेले होते हे मला मान्य आहे, पण याला दुरून कसं कळलं?

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले, हात मागे बांधून. 'जमतंय का?' म्हटलं, 'का विचारताय?' 'सहज.' सहज कोणी असं विचारतं? त्यांचीही गाडी तीच, रंगसुद्धा तोच. मग मी काय केलं, मुलीची लाल नेलपॉलिश आणली आणि नव्या पॅडवर खूण केली. कडेला केली असती तर कोणीही खरवडली असती, म्हणून मधोमध, चकतीला टेकतो त्या बाजूला, चांगली ऐसपैस. मी संशयी नाही हो. खात्री असलेली बरी.

सगळं बसवलं, पेडल दाबलं, तर पेडल सरळ तळाला. व्हिडिओवाला म्हणाला, सुरुवातीला असंच होतं, चार वेळा दाबा. दाबलं, घट्ट झालं. आवारात आठ-दहा चकरा मारल्या, आवाज बंद, गाडी जागच्या जागी उभी. बायको खिडकीतून म्हणाली, 'अहो, चांगलं झालंय की.' मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण रविवारी सकाळी म्हटलं, खात्री करून घ्यावी. चाक काढलं, पॅड काढले, उलटे केले... खूण गायब. तसाच वर गेलो, काकांना म्हटलं, 'माझे पॅड परत द्या.' ते दाढी करत होते, अर्धा गाल फेसाचा. काकू मध्ये पडल्या, आवाज चढले, सगळा जिना गोळा झाला. शेवटी मुलगी आली, मला शांतपणे विचारलं, 'बाबा, खूण केली कुठे होती?' म्हटलं, 'घासतं त्या बाजूला.' 'आणि मग गाडी चालवली?' 'म्हणजे काय, ब्रेक लागतात की नाही बघायला नको?' काका आत जाऊन उरलेला गाल करू लागले.

मी पॅड परत बसवले. तेवढ्यात मुलीने किल्ली उचलली, आईला शेजारी बसायला सांगितलं. 'मी गॅरेजवाल्याला दाखवून आणते. तुमच्यावर विश्वास आहे बाबा, पण खात्री केलेली बरी.' माझंच वाक्य मला. मी म्हटलं, जा, तो आता शंभर चुका काढेल. तासाभराने परत आली. म्हणाली, 'त्यांनी चारही चाकं बघितली. काम एकदम चोख झालंय म्हणाले, काही करायला नको.' एक पैसा घेतला नाही त्याने. ज्याने आयुष्यात कुठली गाडी निर्दोष म्हटली नाही, तो माझं काम चोख म्हणतो? मला रात्रभर झोप नाही.

सोमवारी पोरगी पास झाली. परीक्षकाने अचानक थांबवायला सांगितलं, गाडी जिथल्या तिथे थांबली म्हणे. आता रोज सकाळी विचारते, 'बाबा, बसा ना, सोडते तुम्हाला ऑफिसला.' मी म्हणतो, तू हो पुढे, मला चालायला बरं वाटतं. तिच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे हो. ब्रेकवरही ठेवला असता, पण ते बसवलेत कोणी, हे मला माहीत आहे ना.