आजोबांची कवळी

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "अगं अंजनी, तू तेव्हाच का नाही बोललीस?" तेव्हाच म्हणजे कधी हो? तुम्हीच सांगा. दोन खोल्यांच्या घरात पन्नास माणसं, जिन्यात चपलांचा ढीग, आई रडतेय, आणि नववीतली मुलगी, जी हजेरीला "हजर" म्हणाली तरी बाई मान वर करून "आली आहे ना ही?" असं विचारतात, तिने मधोमध उभं राहून ओरडायचं, "थांबा, आजोबांचे दात राहिले"? सुनेत्राकाकू ओरडल्या असत्या. त्या आमच्या शेजारी राहतात आणि कात्रपमधल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या वतीनं त्याच बोलतात. पण दात काकूंच्या पिशवीत नव्हते ना! माझ्या दप्तरात होते. मग मी बोलले का? नाही बोलले.

थांबा, नीट सांगते. आमच्या आजोबांचं नाव महिपती, बाबा त्यांना अण्णा म्हणायचे. मूळचे जांभूळचे. शेती मोठ्या भावावर सोपवून ते अंबरनाथच्या कारखान्यात लागले, पाळीवर डोळा लागू नये म्हणून गालात तंबाखू धरायला शिकले, आणि पंचेचाळिशी गाठेपर्यंत तोंडातले सगळे दात एकेक करून गेले. मग त्यांनी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी डॉक्टरकडून कवळी करून घेतली. डॉक्टर म्हणाला होता, "चाचा, ऐसा दात देता हूँ, चना खाओ, भुट्टा खाओ, बस गुस्से में किसी को काटो मत!" ही गोष्ट आजोबांनी मला किमान दोनशे वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटी हसून दाखवायचे. काय हसायचे, तुम्हाला सांगते! सगळे दात एका रांगेत, पांढरेशुभ्र. जिन्यात भेटलेल्या माणसाला वाटायचं, यांना आपल्याला बघून केवढा आनंद झाला!

आणि स्वतःचे गेले म्हणून दुसऱ्यांच्या दातांवर पहारा. माझा पहिला दुधाचा दात पडला, मी नाचत गेले, तर म्हणाले, "नाचू नको. आता येईल तो शेवटचा. त्याच्यानंतर देव देत नाही, उल्हासनगरचा डॉक्टर देतो!" मी पोटात होते तेव्हा आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून तिने घासणं सोडलं, तर हे रोज सकाळी मोरीच्या दाराशी उभे, "सूनबाई, हळू घासा, पण घासा. पोर जन्माला येईल, दात परत जन्माला येणार नाहीत." आणि बाबांना? बाबा चाळिशीचे, ऑफिसला जाणारे, तरी सगळ्यांसमोर, "नाथा, थुंक ती तंबाखू. माझं तोंड बघून अक्कल येत नाही का तुला?"

पण त्यांचं तोंड बघितलं होतं कुणी? खरं तोंड? कुणीच नाही. फक्त मी.

दुपारी जेवण झालं की ते झोपायच्या आधी भिंतीकडे तोंड करायचे, रुमालात गुंडाळून कवळी मागच्या मागे माझ्या हातात द्यायचे आणि पंचा तोंडावर ओढून घ्यायचे. मी ती घासायची, जॅमच्या बाटलीत पाण्यात ठेवायची, उठले की परत द्यायची. हे काम त्यांनी आईलासुद्धा दिलं नव्हतं. एकदा मी विचारलं, मलाच का? तर पंच्याच्या आतून बोबडं म्हणाले, "तू बोलत नाहीस म्हणून." मग जरा वेळानं, "मला बिनदाताचा कुणी बघता कामा नये हां, पोरी. चितेवरसुद्धा दात लावूनच जाणार मी." मी मान हलवली. म्हणजे वचन दिलं. माझं वचन असंच असतं, मानेचं.

तर त्या गुरुवारी मी शाळेतून आले, जेवणं झाली, रुमाल हातात आला, आणि मी स्वयंपाकघरात ब्रश घेऊन कवळी घासत होते, तेवढ्यात आई बाहेरून किंचाळली. आजोबा झोपेतच गेले. पंचा तोंडावर तसाच.

सांगा, मी काय करायला हवं होतं? पळत जाऊन दात लावायला हवे होते. मी काय केलं? शेजारीपाजारी धावत येताना दिसले आणि मी बाटली दप्तरात लपवली. कुणी बघता कामा नये म्हणाले होते ना! इतकी वर्षं लपवायचीच सवय. हात आपोआप तसेच चालले.

मग घर भरलं. सुनेत्राकाकूंनी ताबा घेतला. "गंगाजल कुठाय? तुळशीचं पान आणा! पावडरचा डबा हलवा तिथून!" त्यांनी पंचा बाजूला केला, आणि अख्ख्या खोलीनं आजोबांचं तोंड बघितलं. आत गेलेलं. ओठसुद्धा आत गेलेले. आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "अगंबाई, हे वेगळेच दिसतात." मी दारात उभी होते, हुंदका आला की दातांखाली ओठ धरत होते, आणि मनात म्हणत होते, आता बोल. आता बोल. बोलले का? नाही बोलले.

पुढे ऐका. काकू म्हणाल्या, "तोंडात सोन्याचा कण घालायचा असतो." झालं! सगळं घर सोनं शोधायला लागलं. कपाट उघडलं, डबे पालथे घातले, आई रडत रडत गळ्यातला मणी सोडवायला लागली, गाठ सुटेना, तिघीजणी तिच्या मानेशी झोंबतायत. तोंडात घालायची खरी वस्तू तीन हातांवर दप्तरात, आणि सगळे मण्यामागे! मी धीर केला. बाबांजवळ गेले. म्हटलं, "बाबा, आजोबांचे..." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हो गं बाळा. गेले आपले आजोबा." आणि ते रडायला लागले. आता रडणाऱ्या बापाला कवळीचं कसं सांगायचं हो?

काकूंना म्हटलं, "काकू, ते दात..." काकू म्हणाल्या, "दात ओठ खाऊन काय उपयोग, राणी? मोठी हो आता. जा, आईला पाणी दे."

पाणी दिलं. मग कारखान्यातले जुने मित्र आले, खाली वाकून बघितलं, आणि एकानं दुसऱ्याला विचारलं, "महिपतीच ना हा?" ते ऐकलं आणि... जाऊ दे. त्यांना तसंच नेलं. जिन्यातून उतरताना चेहरा उघडा होता. ज्या जिन्यात ते सगळ्यांना हसून दाखवायचे, त्याच जिन्यात. आणि मी बोलले का?

तेराव्याच्या दिवशी सकाळी आईनं माझं दप्तर धुवायला काढलं आणि बाटली हातात आली. आई मटकन खालीच बसली. "अगं, हे तुझ्याकडे? तेव्हाच का नाही बोललीस?" बाबा म्हणाले, "का नाही बोललीस?" काकू दारातूनच, "तरी मी म्हणत होते, तोंड असं का दिसतंय! का नाही बोललीस गं?" दुपारी पानं वाढल्यावर बाबांनी भटजींना विचारलं, आता नदीत सोडायची का? भटजी चष्मा पुसत म्हणाले, "अस्थी असत्या तर सांगितलं असतं. हे... हे काय, प्लास्टिक का?"

तेव्हा जांभूळचे बुधाजीआजोबा पानावर बसलेले होते. आजोबांचे तेच थोरले भाऊ. पंच्याहत्तरीचे, तोंडात एकही दात नाही. पानात वडे वाढलेले, आणि ते वडा आमटीत बुडवून मऊ व्हायची वाट बघत होते. ते म्हणाले, "नदीन कनाला टाकताव? मना द्या. बगू बसतान का."

मला वाटलं, आता बाबा रागावतील. पण बाबांनी बाटली पुढे केली! बुधाजीआजोबांनी कवळी धुतली, तोंडात घातली, जबडा इकडून तिकडे फिरवला, टक्क असा आवाज आला, आणि कोरडा वडा उचलून कर्रकन चावला. वीस वर्षांनी चावला असेल. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आणि मग ते हसले.

आजोबांचं हसू! तेच, तसंच, पांढरंशुभ्र! आई तोंडाला पदर लावून रडायला लागली, बाबा म्हणाले, "बघा, अण्णाच हसले!" काकू म्हणाल्या, "दात सत्कारणी लागले हो!" सगळ्यांना इतकं बरं वाटलं, तुम्हाला सांगते, तेराव्याचं जेवण लग्नासारखं झालं. आणि मला ओरडायचं होतं, काढा ते, ते त्यांचे आहेत, असं सगळ्यांना दाखवू नका! पण म्हातारा माणूस दुसरा वडा मागत होता हो. त्याच्या तोंडातून कसं काढायचं? नाही बोलले.

आता बुधाजीआजोबा दर रविवारी येतात. वरची कवळी जरा हलते, 'स' म्हणताना शिट्टी वाजते, पण येतात, हसतात, आणि घर त्यांच्याकडे बघत बसतं. मी मात्र भिंतीकडे बघते, डोळे पुसत. परवा त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "पोरी, मी हसतो त तू रडतस कनाला? काय जालाय?" सगळे माझ्याकडे वळले. आई, बाबा, काकू. एकदम शांतता. बोलायला इतकी मोकळी जागा मला जन्मात कुणी दिली नव्हती. तोंड उघडलं. आणि म्हटलं, "दात दुखतोय."

झालं! बाबांनी रजा टाकली. उद्या अकराला उल्हासनगरला डॉक्टरकडे जायचंय, कुठला दुखतो ते बोट ठेवून दाखवायचंय. मघापासून आरसा घेऊन बसले आहे. बत्तीस नाहीत अजून, अठ्ठावीसच आहेत, आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस ठणठणीत. कुठला सांगू? मागचाच एखादा सांगते. गेला तरी कुणाला दिसायचा नाही.