बर्चीनॉयच्या पत्रातली सातवी ओळ

बुखाऱ्यात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या आजींनी एक पिवळं पडलेलं पत्र समोर बसलेल्या निवृत्त भाषाशिक्षकांच्या हाती दिलं.

"मास्तर, आमच्या ह्यांनी लग्नाआधी फौजेतून धाडलेलं. नणंद म्हणायची, जुन्या पुस्तकातून उतरवलंय. मीही ह्यांना जन्मभर 'नकल्या' म्हणून चिडवलं."

"आणि ते?"

"नुसते हसायचे. गेल्या हिवाळ्यात गेले. आता खरं काय ते तुम्हीच सांगा."

"घाट तर जुन्या पत्रकाव्याचाच आहे. आधी वाऱ्याला सलाम, मग विरहाचं गाऱ्हाणं. दर दोन ओळींना यमक. लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू, उंटाच्या चालीसारखं."

"म्हणजे नक्कलच म्हणायची."

"थांबा आपा. सातवी ओळ लंगडतेय."

"का हो?"

"शेवटी तुमचं नाव आहे. बर्-ची-नॉय. तिन्ही गुरू. या वृत्तात तीन गुरू सलग बसतच नाहीत. आधी 'निगारा', म्हणजे 'प्रिये', लिहिलं होतं, ते छान बसत होतं. पण खोडलंय."

"अगंबाई!"

"आणि खाली तुमच्या नावाला यमक काय जुळवलंय, माहितेय? 'चॉय'! छावणीतला गार चॉय! कुठल्या जुन्या उस्तादानं विरहात चहा आणला असता?"

"त्यांना चहा गार झालेला मुळीच चालायचा नाही हो..."

"बर्चीनॉय आपा, आत या!" नर्सनं दारातून हाक मारली.

"येते गं, आधी दुसऱ्या कुणाला घे. मास्तर, ती ओळ पुन्हा वाचा ना. सावरून नको, लंगडतेय तशीच वाचा."