शेजारच्या सीटचा ब्रेक

इंदिरानगरच्या गॅरेजात आपली स्कूटर मिळायची वाट बघत निकिता बाकावर बसली होती. शेजारी एक काका भारत मेकॅनिकला आपल्या छोट्या गाडीचं सांगत होते.

“मागचे ड्रम ब्रेक काढ. डिस्क बसव.”

“पुढे डिस्क आहेतच की, काका. मागे बसवायच्या म्हणजे हँडब्रेकपासून सगळं बदलावं लागेल. आणि ड्रम ठणठणीत आहेत तुमचे.”

“ब्रेक कमी पडतो.”

“आत्ताच चालवून आलो. जागेवर थांबते गाडी!”

“सपाटीवर थांबते रे. परवा सुरगाण्याला जायचंय, हिच्या माहेरी लग्न आहे. ही गेल्यापासून मी घाट उतरलेलो नाही.”

“काकूंचा ब्रेकशी काय संबंध?”

“शेजारी बसून तीही दाबायची. चौदा वर्षं.”

“तिकडं पेडल कुठंय?”

“मॅट बघ.”

भारतने डावीकडचं दार उघडलं. मॅटला पावलाएवढं भोक पडलं होतं, पार खालच्या पत्र्यापर्यंत.

“आता मी एकट्यानेच दाबायचा. पुरेल का?”

भारतने दार हलकेच लावलं.

“सोबत कोण येतंय?”

“हर्षाली. मुलगी.”

“ती दाबते?”

“आईवर गेलीये.”

“मग ड्रम पुरतील, काका.”