अकरावा प्रश्न

[सकाळचे साडेसात. मॅनेजमेंट कॉलेजातली शिक्षकांची खोली. दोन खुर्च्या एकमेकींना जोडून त्यांवर दीड वर्षाची मुलगी झोपलेली.]

ताई: पाय वर घ्या मॅडम, तेवढंच राहिलंय. नाहीतर तुमच्यासकट पुसून काढते.

मॅडम: घेते, घेते. पण बादली हळू ठेवा हं मावशी. दाढ येतेय हिची, रात्रभर रडलीय. आत्ता कुठे डोळा लागलाय.

ताई: मावशी काय? तुमच्याहून लहानच असेन मी. ह्या कॉलेजात झाडू हातात घेतला की बाई लगेच मावशी होते.

मॅडम: चुकलं. ताई म्हणते.

ताई: म्हणा. पण हिला कशाला आणलीत एवढ्या सकाळी?

मॅडम: सासूबाई नणंदेकडे गेल्यात, ह्यांची आज पहिली पाळी. आणि मला आठच्या आत मुलांचे गुण भरायचेत. एकटी कशी ठेवणार?

ताई: मागच्या इमारतीत पाळणाघर आहे की. तुमच्याच वर्गातल्या पोरांनी काढलंय.

मॅडम: ते नऊला उघडतं.

ताई: हां.

मॅडम: हां काय?

ताई: काही नाही. त्या खुर्चीला काहीतरी टेकवून ठेवा. कुशीवर वळली तर पडेल.

मॅडम: दप्तर लावलंय. दर दोन मिनिटांनी बघतेय मी. तुम्हालाही आहे ना मुलगी? सांगत होतात एकदा.

ताई: आहे. बुटकी म्हणतो तिला. तीन पूर्ण झाली.

मॅडम: तुम्ही कामावर येता तेव्हा ती कुठे असते?

ताई: घरी.

मॅडम: कोणाजवळ?

ताई: कुलपाजवळ.

मॅडम: म्हणजे?

ताई: म्हणजे बाहेरून कुलूप लावते. साडेचारला निघते, नऊला सुटते. किल्ली शेजारणीकडे असते, पण शेजारीण बहिरी. डोळे असे नका करू मॅडम. गॅसचं बटण काढून घेते मी, पाण्याची बादली उलटी घालते. उठली तर बसते दाराशी गाणी म्हणत.

मॅडम: तीन वर्षांची मुलगी!

ताई: तुमची दीड वर्षाची खुर्चीवर आहे. बोलले का मी काही?

मॅडम: नाही. तसं नव्हतं म्हणायचं मला. पण ताई, पाळणाघर तुमच्यासाठीच काढलं ना? तुमच्यासाठी, बँकेतल्या, हॉस्पिटलातल्या सफाईच्या बायकांसाठी. दोन महिने झाले, अठरा पाळणे आणि मुलं फक्त दोन. मुलांच्या अहवालात लिहिलंय बघा, 'लाभार्थी मातांमध्ये जागृतीचा अभाव'.

ताई: साडेतीनपासून जागी आहे मी. अजून किती जागृती पाहिजे?

मॅडम: मग सर्वेक्षणात तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?

ताई: बोलले की. ह्याच कॉलेजात, जिन्याखाली. चष्म्याचा एक पोरगा आला होता, फार गोड बोलत होता. नवरा काय करतो, फोन कोणता वापरता, पाळणाघर हवं का. हवं म्हटलं. शेवटी म्हणाला, तुम्ही आनंदी आहात का, एक ते पाचमध्ये सांगा.

मॅडम: काय सांगितलंत?

ताई: चार. पाच म्हटलं असतं तर काहीच दिलं नसतंत तुम्ही.

मॅडम: वेळ नाही विचारली त्याने? कामाची?

ताई: नाही बाई. दहा प्रश्न झाले, त्याने मिटलं ते यंत्र आणि आभार मानले.

मॅडम: दहा.

ताई: मोजले होते मी. बादली जड होती हातात. काय झालं? बोला की.

मॅडम: अकरा होते. त्याच चष्म्याच्या मुलाने अकरा काढले होते. 'कामाची वेळ कोणती' हा शेवटचा. मी खोडला. वर्गात मीच शिकवते ना, प्रश्न दहाच्या वर गेले की माणसं कंटाळतात.

ताई: मी नसते कंटाळले. तेवढीच टेकले असते.

सर: [आत येत] अरे वा, मॅडम आधीच हजर! गुण झाले भरून? आणि ही छोटी पण आली. उत्तमच झालं.

मॅडम: उत्तम कसं सर?

सर: अकराला पाळणाघराला पैसे देणाऱ्या कंपनीचे लोक येतायत, पुढच्या वर्षाच्या मदतीचं ठरवायला. पाळणाघरात मुलं दिसायला हवीत हो. मी सगळ्या स्टाफला सांगितलंय, ज्याचं त्याने आपापलं पिल्लू आणायचं. हिला त्या खिडकीजवळच्या पाळण्यात ठेवू. फोटोत गोंडस दिसेल.

ताई: माझी पण आणू का सर? अकराला मी घरीच असते, मोकळी.

सर: आणा की! खरीखुरी लाभार्थी. फ्रॉक तेवढा बरा घाला.

मॅडम: नाही सर.

सर: फ्रॉक नको?

मॅडम: फोटोच नको. ही त्या पाळण्यात झोपणार नाही. सर, ह्यांची मुलगी आत्ता, ह्या क्षणाला, घरात कोंडलेली आहे. रोज असते. आपण पाळणाघर नऊला उघडतो आणि ह्या नऊला सुटतात. चूक माझी आहे, फॉर्ममधला वेळेचा प्रश्न मी कापला.

सर: बसा. बसा जरा. हे बघा, मी तीस वर्षं शिकवतोय. 'नेतृत्व आणि समाज' हा विषय ह्या कॉलेजात आणायलाच माझी सहा गेली. मुलं निदान ह्या बायकांशी बोलली तरी, हे कमी आहे का? आज मदत थांबली तर ते पाळणाघर नऊलाही उघडणार नाही.

मॅडम: माहितीय मला. म्हणूनच म्हणते, पाचला उघडू.

सर: आणि सांभाळणार कोण? तिथल्या बाई नऊला येतात.

मॅडम: सव्वीस मुलं आहेत माझ्या वर्गात. रोज दोघं, पाळीने. सोबत मी. त्या बाईंची वेळ बदलेपर्यंत.

सर: पहाटे पाचला? ती मुलं दहाच्या तासाला जांभया देतात!

मॅडम: देऊ देत. गुण मी आज भरत नाही. महिनाभर पाळी करू देत, मग भरते. उद्या मोठमोठ्या खुर्च्यांवर बसतील तेव्हा माणसांची वेळ विचारतील तरी.

सर: आणि तुमचा करार? पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे, विसरलात?

मॅडम: नाही विसरले. त्याचीच भीती वाटतेय मघापासून.

सर: मग कंपनीला काय सांगू मी?

मॅडम: चुकलं म्हणून सांगा. आणि फोटो हवाच असेल तर पहाटे या म्हणावं.

सर: तुम्ही ना... चहा तरी प्यायला हवा होता मी आधी. थांबा, पाळणाघराची किल्ली माझ्या कपाटात आहे. पण कंपनीशी तुम्हीच बोलायचं, मी शेजारी उभा राहीन फक्त.

मॅडम: बोलते.

ताई: सर गेले खरंच किल्ली आणायला?

मॅडम: गेले.

ताई: तुम्ही येणार पहाटे? हिला घेऊन?

मॅडम: रात्रभर जागीच असते मी. तिथे येऊन जागी राहीन. ताई, तो राहिलेला प्रश्न विचारू? बुटकीला किती वाजता आणाल?

ताई: पाचला. पण मॅडम, तेव्हा ती उठलेली नसते.

मॅडम: मग झोपलेलीच आणा.