टेस्टचं पिस्तूल

१९८६. अमेरिकेतल्या एका विमानतळावर, कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे बॅगा तपासणाऱ्या दोघी युनिफॉर्ममध्ये उभ्या होत्या. मराठीत बोलत होत्या.

“पद्मिनीमावशी, आज मी टेस्ट पास झाले. एका बॅगेत पिस्तूल दिसलं, लगेच बेल्ट थांबवला.”

“छान. मला मागच्या वेळी इन्स्पेक्टरनं बॅगेत मुद्दाम लपवलेलं सापडलं नव्हतं. कोण आला होता इन्स्पेक्टर?”

“नवीन होता. मी काही बोलायच्या आतच हसून म्हणाला, गुड, पकडलंत तुम्ही.”

“फॉर्मवर सही केली ना त्यानं?”

“नंतर करतो म्हणाला. बॅग उचलून पळालाच, डेन्व्हरचं बोर्डिंग संपत आलं होतं.”

“सुजाता, टेस्ट घेणारा माणूस विमानात कशाला बसेल?”

काउंटरवाल्यानं कुठली कॉफी विचारलं. दोघी रांग सोडून डेन्व्हरच्या गेटकडे धावत सुटल्या.