एका घराला सात संडास

हसू नका रे, धारगळच्या आमच्या काकाच्या घराला खरंच सील लागणार होतं. झालं असं, की सरकारचा सर्व्हेवाला नेमका चवथीला, गणपतीची आरती चालू असताना आला. चवथीला आमचं अख्खं कुटुंब मूळ घरी जमतं. त्यानं दारातूनच डोकी मोजली आणि लिहिलं: माणसं एकतीस, संडास एक. वर्षभरात सरकारनं अंगणात आणखी सहा बांधून दिले. काका नको नको म्हणत राहिला, पण ऐकतो कोण! एरवी घरात तो आणि काकी, दोघंच.

गेल्या महिन्यात दुसरा साहेब जीप घेऊन आला. मी तेव्हा तिथंच होतो.

"माणसं दोन आणि संडास सात? परवान्याशिवाय हॉटेल चालवता?"

"सायबानू, ह्या हॉटेल न्हय. संडास तुमीच बांधलात."

"पुरावा दाखवा, नाहीतर आजच सील ठोकतो."

काकानं धावत जाऊन ट्रंकेतला सर्व्हेचा कागद आणला. साहेबानं तो दोनदा वाचला.

"म्हणजे गिऱ्हाईकं एकतीस," असं म्हणत त्यानं लिहून घेतलं. "आणि तेही सरकारी कागदावर!"

सील तेवढं टळलं, पण विनापरवाना हॉटेलची सुनावणी अजून चालूच आहे. परवा काकाचा फोन आला, "चवथीक सगळ्यांनी येवा. पण एकेकटे येवा, आणि मागल्या दारान."